जुनापाणी: मुरमाड माळावरची शिळावर्तुळं

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं, की दहाएक किलोमीटरवर जुनापाणी येतं. इथल्या मुरमाड उतारावर गवतात अर्धे बुडालेले काळे धोंडे गोलाकार मांडलेले दिसतात. एक रिंगण पाहावं, तोवर पलीकडे दुसरं, त्याला लागून तिसरं. परिसरात अशी सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. ही लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळं. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिलं सहस्रक.

धोंड्यांचं रिंगण आखायचं, आत मृताचे अवशेष आणि त्याच्या वस्तू ठेवायच्या, वर माती-दगडांची भर घालायची, अशी ही रचना. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे उत्खनन केलं. पुढे विदर्भातल्या अशा स्थळांचा कसून शोध घेतला तो पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जवळच्याच माहुरझरीला दफनांमध्ये घोडे सापडले, तेही तोंडावर तांब्याचा साज चढवलेले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे जड धोंडे ओढून आणणारे हे लोक धातूच्या कामात तरबेज होते आणि घोड्यावर त्यांचा जीव होता.

काही धोंड्यांजवळ वाकून पाहा. वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांत सावली भरते आणि ओळ ठळक उठून दिसते. या ओळींचा दिशांशी, आकाशाशी काही मेळ आहे का, हे अभ्यासकांनी तपासून पाहिलं आहे.

मला मात्र सर्वांत बोलकी वाटते ती जागेची निवड. पिकाऊ काळी माती सोडून मृतांना दिला तो माळ आणि टेकडीचा उतार. जिवंतांचं शेत एकीकडे, पूर्वजांचं रान दुसरीकडे. येता-जाता नजरेसमोर राहील असं.

म्हणूनच चार धोंड्यांभोवती कुंपण घातलं, की काम भागत नाही. मुरूम खणला, उतार सपाट केला, तर वर्तुळ शाबूत राहूनही त्याचा अर्थ हरवतो. नागपूर वाढतं आहे, वाढणारच. पण हा माळ माळ म्हणूनच राहिला पाहिजे. थंडीत एकदा सकाळी लवकर जा. धोंड्यांवर बसू नका, दगड हलवू नका. उंचवट्यावर उभं राहून सगळा उतार एकत्र पाहा. तीन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी आपल्या माणसासाठी ही जागा विचार करून निवडली होती, हे तिथे आपोआप उमगतं.