अग्निबाणाचा बांधणीसंच कसा निवडावा?

बाटलीत पाणी व दाबाची हवा भरून उडविण्याचा अग्निबाण आपल्या अमरावती व शेजारच्या अकोला जिल्ह्यातील उच्च प्राथमिक शाळांना आता अपरिचित राहिलेला नाही. तो एकदा उडाला म्हणजे सातवी-आठवीच्या मुलांचा पुढला प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, खऱ्या दारूचा केव्हा करायचा?” ह्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे इष्ट नव्हे. ज्या मुलास शाळेत उत्तर मिळत नाही, तो ते दिवाळीचे फटाके फोडून त्यांतील दारू गोळा करण्यात शोधतो, आणि त्याची किंमत बोटांनी व डोळ्यांनी मोजावी लागते. म्हणून बाजारात ‘किट’ ह्या नावाने मिळणाऱ्या, मध्यम शक्तीच्या प्रतिरूप अग्निबाणाच्या बांधणीसंचाचा विचार येथे केला आहे. संच कठीण असावा. परंतु ते काठिण्य बांधणीत असावे, दारूत नसावे, हे सूत्र आरंभीच ध्यानात घ्यावे.

संचाची कल्पना कशी निघाली?

हे सूत्र नवे नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ओर्व्हिल कार्लाइल नावाचा जोड्यांचा एक दुकानदार होता. शोभेच्या दारूकामाचा त्याला नाद होता व त्याचा भाऊ रॉबर्ट हा विमानांच्या प्रतिकृती करीत असे. अग्निबाणाचे तत्त्व समजावून देता यावे म्हणून १९५४ मध्ये ओर्व्हिलने कागदी नळीचा, हलक्या लाकडाच्या पंखांचा व हवाई छत्रीने खाली येणारा लहान अग्निबाण तयार केला. पुढे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि तिकडील असंख्य मुले घरीच दारू कालवून लोखंडी नळ्यांत ठासू लागली. अपघात होऊ लागले. तेव्हा जी. हॅरी स्टाइन प्रभृतींनी कार्लाइलची रीत पुढे आणून एक साधी विभागणी रूढ केली : मोटर कारखान्यात तयार व्हावी, मुलांनी तिला हात लावू नये, आणि बाकी सर्व अग्निबाण मुलांनी आपल्या हातांनी बांधावा. आजचा प्रत्येक बांधणीसंच ह्याच विभागणीवर उभा आहे.

‘मध्यम शक्ती’ म्हणजे काय?

मोटरीवर एक अक्षर व दोन अंक छापलेले असतात. अक्षराने एकूण आवेग, म्हणजे सरासरी रेटा व जळण्याचा काळ यांचा गुणाकार, कळतो. पुढील प्रत्येक अक्षरास ह्या आवेगाची मर्यादा दुप्पट होते. ‘डी’ची मर्यादा २० न्यूटन-सेकंद, ‘ई’ची ४०, ‘एफ’ची ८० व ‘जी’ची १६०. ई, एफ व जी ह्या तीन वर्गांना सामान्यतः मध्यम शक्तीचे म्हणतात. अक्षरापुढचा अंक सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो व शेवटचा अंक जळण संपल्यापासून छत्री बाहेर फेकली जाईपर्यंतचे सेकंद दाखवितो. उदाहरणार्थ, ‘एफ १५-६’ ह्या मोटरीचा सरासरी रेटा १५ न्यूटन असून छत्री ६ सेकंदांनी सुटते.

आता हिशेब पाहावा. सरासरी रेटा अग्निबाणाच्या एकूण भाराच्या निदान पाचपट असावा, असा ठोकताळा आहे. मोटरीसह ३०० ग्रॅम वस्तुमानाच्या अग्निबाणाचा भार सुमारे ३ न्यूटन होतो. त्यास १५ न्यूटनचा रेटा नेमका पुरतो. संच घेताना डब्यावरील चित्र न पाहता प्रथम हे दोन आकडे ताडून पाहावेत. वर्गातील मुलांकडूनच हा भागाकार करवून घ्यावा.

मैदानाचे गणित

ई, एफ व जी मोटरींसाठी अमेरिकेतील प्रचलित सुरक्षा-संहितेप्रमाणे मोकळ्या मैदानाची लहान बाजू निदान १००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर, लागते. ३०० मीटर लांब व तितकेच रुंद मैदान म्हणजे ९ हेक्टर. आपल्या मापाने सुमारे २२ एकर. इतके क्रीडांगण कोणत्या प्राथमिक शाळेस असणार? ही मर्यादा उगाच घातलेली नाही. ३०० ग्रॅमचा अग्निबाण ६० सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीने सेकंदास सुमारे ५ मीटर वेगाने उतरतो. तो ३०० मीटर उंच गेला असल्यास उतरण्यास एक मिनिट लागेल. आणि तेवढ्यात ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा त्यास ३०० मीटर दूर नेईल. छत्री मोठी केली तर तो अलगद उतरेल, पण आणखी दूर जाईल.

वऱ्हाडात ह्याला आणखी एक बाजू आहे. कापसाची उलंगवाडी झाल्यावर शेतात वाळलेली पऱ्हाटी उभी असते, धुऱ्याला कुटाराचे ढीग व कडब्याच्या गंज्या असतात. एक ठिणगी एखाद्या कुटुंबाचा वर्षाचा चारा जाळू शकते. चैत्र-वैशाखात दुपारी वावटळी उठतात, तेव्हा तर असा विचारही करू नये. शिवाय विमानतळाजवळील क्षेत्र पूर्णतः वर्ज्य समजावे. बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली आहे, हे अमरावती परिसरातील शाळांनी विसरू नये.

कायद्याची मर्यादा

१८८४ च्या स्फोटके अधिनियमात स्फोटकांच्या व्याख्येत अग्निबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीने स्फोटके तयार करणे वा बाळगणे ह्या अधिनियमाने निषिद्ध केले आहे. ह्या विषयाचे केंद्रीय कार्यालय आपल्या विदर्भातच, नागपूर येथे आहे. म्हणून शाळेने मोटर विकत घेऊ नये, साठवू नये व तयार तर कदापि करू नये. शाळेने संच घ्यावा तो मोटरीविना. उड्डाण करावयाचे झाल्यास ते आवश्यक परवानगी असलेल्या संस्थेच्या मैदानावर व तिच्याच जाणकारांच्या हातून व्हावे. येथे एक व्यावहारिक कारणही आहे. काळ्या दारूच्या मोटरी वारंवार तापून थंड झाल्यास आतील गोळ्याला तडे जातात व पेटविताच ती फुटण्याचा संभव असतो. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. टिनाच्या छपराखालील कपाट ही अशा वस्तूची जागा नव्हे.

संच पारखण्याच्या खुणा

मोटर बाजूस ठेवल्यावर जे उरते तेच मुलांचे खरे शिक्षण होय. ते भरपूर मिळावे म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पंख : चिकटविण्यास तयार प्लास्टिकचे पंख नसावेत. पातळ प्लायवुडचे व नळीच्या खाचेतून आत जाऊन मोटरीच्या नळीस टेकणारे पंख पसंत करावेत. ते तिन्ही वा चारही सारख्या अंतरावर व अगदी सरळ बसविणे हीच हस्तकौशल्याची कसोटी आहे. हलक्या लाकडाचे पंख असल्यास लाकडाची रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवी. आडव्या रेषेचा पंख वाऱ्याच्या माराने मोडतो.

२. मोटरीची बैठक : आतली नळी बाहेरच्या नळीच्या नेमक्या मध्यावर धरणाऱ्या लाकडी कड्या असाव्यात. मध्य चुकला की रेटा तिरका लागतो.

३. तोल : अग्निबाणाचा गुरुत्वमध्य वाऱ्याच्या दाबाच्या मध्यापेक्षा निदान एका नळीच्या व्यासाइतका पुढे असावा. मोटरीच्या जागी तेवढेच वजन ठेवून, गुरुत्वमध्याशी दोरी बांधून अग्निबाण डोक्याभोवती फिरवावा. तोंड पुढे ठेवून फिरला तर तोल बरोबर. उलटा वा आडवा झाला तर टोकात वजन वाढवावे. गोफण पाहिलेल्या मुलाला हा प्रयोग एकदाच दाखवावा लागतो.

४. छत्री : ती मुलांनी स्वतः कापून, दोऱ्या समान लांबीच्या बांधून, घडी घालावयाची असावी. छत्री व मोटर यांच्यामध्ये न जळणारा कागद वा कापड लागते. आपल्याकडे हाताशी असतो म्हणून तेथे कापूस भरण्याचा मोह होईल. तो पेट घेतो व पेटता खाली पडतो.

५. भारकक्ष : टोकाखाली एखादी वस्तू नेण्यास जागा असलेला संच सर्वांत उत्तम. अमेरिकेतील शालेय अग्निबाण स्पर्धेत सर्वांत उंच जाणाऱ्यास बक्षीस नसते. कोंबडीचे अंडे न फुटता, ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत व ठरवून दिलेल्या वेळात जो आणतो तो जिंकतो. मुलांच्या बुद्धीस आव्हान द्यावे ते असे.

दोन टप्प्यांचे किंवा अनेक मोटरी एकदम पेटविण्याचे संच तूर्त टाळावेत. त्यांत काठिण्य वाढते ते पेटविण्याचे.

वर्गात क्रम कसा ठेवावा?

प्रथम सत्रात पाण्याचा अग्निबाण करावा. बाटली शीतपेयाची, न चिरलेली घ्यावी. एकतृतीयांश पाणी भरावे. सायकलच्या पंपाने ५० पौंडांहून अधिक दाब देऊ नये व मुलांना लांब उभे करावे. १०० मीटर अंतरावरून कोनमापकाने शिखराचा कोन मोजावा. कोन ३५ अंश आल्यास प्रमाणात आकृती काढून उंची सुमारे ७० मीटर येते. त्यात डोळ्याची उंची मिळवावी. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलासही हे जमते. दुसऱ्या सत्रात चार-पाच मुलांच्या गटाने संच बांधावा. वजन, तोल व छत्रीचा वेग यांची नोंद वहीत व्हावी; छत्रीची चाचणी शिक्षकांनी स्वतः गच्चीवरून अग्निबाण सोडून घ्यावी. उड्डाणाचा योग त्या वर्षी आला नाही तरी काम अपुरे राहिले असे समजू नये. बांधलेला व पारखलेला अग्निबाण केंद्रशाळेच्या प्रदर्शनात त्या वहीसह मांडावा.

मुलांना पुढची वाटही दाखवून द्यावी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून भारतभूमीवरील पहिला संशोधन-अग्निबाण उडाला, तो अमेरिकी बनावटीचा होता. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, आपला स्वतःचा रोहिणी अग्निबाण उडाला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता, ओलितासाठी शेतात अंथरतो त्या पाइपाएवढा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेले प्रतिरूप अग्निबाण राष्ट्रीय स्पर्धेत उडविले. आज सातवीत असलेली आपली मुले काही वर्षांनी तेथे जाऊ शकतील. त्यासाठी त्यांची बोटे शाबूत, नजर नेमकी व वही नीट ठेवलेली असणे, एवढे आपल्या शाळांच्या हाती आहे.

— विस्तार अधिकारी (शिक्षण)