कंबुजदेशाचा दगडी दफ्तरखाना

कंबोडियाच्या पूर्वभागात, मेकाँग नदीच्या काठी सांबोर नावाचे एक प्राचीन स्थळ आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलेल्या एका शिळेवर शके ६०५ ची वद्य पंचमी कोरलेली असून, त्या ६०५ मधील शून्य एका ठळक टिंबाने दाखविलेले आहे. इसवी सनाच्या हिशेबाने हे वर्ष ६८३ चे. आणि सुमात्रा बेटावरील पालेंबांगजवळचा त्याच सुमाराचा एक लेख सोडला, तर कालनिर्देशासह कोरलेले इतके जुने शून्य अन्यत्र क्वचितच दाखविता येईल. जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडिताने १९३१ साली या शिळेचे महत्त्व जगापुढे मांडले. पुढे ख्मेर रूजच्या राजवटीत आणि तिच्यामागून आलेल्या धामधुमीत ती शिळाच दृष्टीआड झाली, आणि २०१३ साली अमीर आक्झेल या गणितविषयक लेखकाला ती सिएम रीप येथील अंकोर संरक्षण खात्याच्या कोठारात, भग्न मूर्तींच्या गर्दीत, पुन्हा सापडली.

ज्या मराठी वाचकाच्या घरी गुढीपाडव्याला नव्या पंचांगाचे पूजन होते आणि ज्याच्या लग्नपत्रिकेवर अद्यापि शालिवाहन शक छापला जातो, त्याला ही तिथी वाचण्यासाठी कोणाचीही मध्यस्थी लागणार नाही; अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, हे गणित तो शाळेतच शिकलेला असतो. परंतु त्या शिळेत याहूनही अधिक विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. तिच्यावरचा मजकूर संस्कृतात नाही. तो प्राचीन ख्मेर भाषेत आहे. संस्कृत श्लोकात कवी आकडा लिहीत नाही. वेद म्हणजे चार, रस म्हणजे सहा, अद्रि म्हणजे सात, अशा संकेतशब्दांनी तो छंदाचा मान राखीत वर्ष सांगतो. उलट गावचा कारभार लिहिणाऱ्याला छंदाशी कर्तव्य नसते, त्याला हिशेब मांडायचा असतो. म्हणून त्याच्या गद्यात अंक येतो, आणि अंकाबरोबर शून्य येते. देवाधर्माच्या भाषेने नव्हे, तर हिशेबाच्या भाषेने हे शून्य आपल्यासाठी जपून ठेवले, ही गोष्ट ख्मेर-विद्येच्या आजच्या अवस्थेवर फार मोठा प्रकाश टाकते.

कंबोडिया आणि तिच्या शेजारच्या थायलंड, लाओस व व्हिएतनाम या देशांत मिळून ख्मेर राज्यपरंपरेचे सुमारे १३०० शिलालेख आजवर नोंदले गेले आहेत. त्यांपैकी अनेकांत दोन भाषा शेजारी नांदतात. प्रथम संस्कृत श्लोक येतात: शिवाची वा विष्णूची स्तुती, राजाची वंशावळ, त्याच्या पराक्रमाची आणि विद्येची वर्णने. त्यानंतर ख्मेर गद्य सुरू होते, आणि तेथे सूर एकदम पालटतो. देवस्थानाला कोणती भातशेते लावून दिली, त्यांच्या चतुःसीमा काय, दरसाल किती तांदूळ यायचा, किती म्हशी, किती नारळीची झाडे, सेवेकरी किती आणि त्यांची नावे काय, हे सारे एखाद्या कसलेल्या कारकुनाच्या सावधपणाने तेथे नोंदलेले असते; आणि शेवटी, हे दान मोडील तो बत्तीस नरकांत पडेल, अशी शापवाणी. आपल्या खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथे शके ११२८ च्या सुमाराचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाची हकिकत तेथे संस्कृत श्लोकांत सांगितली आहे, आणि मठाला कोणत्या मालावर काय लागे, ही बाब मात्र मराठीत आहे. कंबुजदेशात, म्हणजे प्राचीन कंबोडियात, हीच व्यवस्था तत्पूर्वी कित्येक शतके रूढ होती; ख्मेर भाषेतील सर्वांत जुना कालनिर्दिष्ट लेख, अंकोर बोरेई येथला, शके ५३३ चा, म्हणजे इसवी सन ६११ चा आहे.

दुर्दैव असे की, हे दोन भाग अभ्यासकांनी आरंभापासूनच वेगळे केले. डच पंडित हेंड्रिक केर्न यांनी १८७९ च्या सुमारास पहिले संस्कृत लेख उलगडले. एतिएन एमोनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने रानोमाळ हिंडून ठसे जमविले. त्यांतील संस्कृत भाग पॅरिसला बार्त आणि बेर्गेन्य या दोघा संस्कृतज्ञांकडे गेला, आणि त्यांचा भव्य संग्रह १८८५ पासून १८९३ पर्यंत प्रसिद्ध झाला. ख्मेर भाग मात्र एमोनिएकडे राहिला, आणि त्याच्या परिश्रमांना ती प्रतिष्ठा कधीच लाभली नाही. सेदेस यांनी १९३७ ते १९६६ या काळात आठ खंडांत जो शिलालेखसंग्रह सिद्ध केला, तो आजही या विद्येचा पाया आहे. तथापि सेवेकऱ्यांच्या लांबलचक याद्या त्यांनीही पुष्कळदा भाषांतर न करताच सोडून दिल्या. आपल्याकडे रमेशचंद्र मजुमदार यांनी १९४४ साली ‘कंबुजदेश’ आणि १९५३ साली तेथील लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. ते कार्य थोर होते, परंतु १९२६ साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या बृहत्तर भारत परिषदेच्या विचारसृष्टीत ते वाढले होते, आणि त्या सृष्टीत कंबुजदेश ही भारताची वसाहत मानली जात असे. केवळ संस्कृत श्लोक वाचणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. ख्मेर गद्य वाचू लागले की तो समज टिकत नाही. कारण जमीन, नाते, पदव्या आणि मोजमापे यांची बहुतेक परिभाषा तेथे देशीच आहे. मायकेल व्हिकरी यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात अंकोरपूर्व समाजाचे चित्र मुख्यतः या ख्मेर मजकुरावरून रेखाटले. ‘पोञ’ ही स्थानिक प्रमुखांची देशी पदवी आठव्या शतकात दिसेनाशी का होते, एवढ्या एका प्रश्नावरून त्यांनी राजसत्तेच्या घडणीचा जो माग काढला, तो प्रत्येक इतिहासविद्यार्थ्याने वाचण्यासारखा आहे. सावेरोस पू या कंबोडियन विदुषीने प्राचीन ख्मेरचा कोश सिद्ध केला, आणि फिलिप जेनर यांचे कोश २००९ साली आले. म्हणजे कोशांची मूलभूत साधने पुरेशी हाती येऊनही फार काळ लोटलेला नाही.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या काळात कंबोडियाने जे भोगले त्याचा विस्तार येथे करीत नाही. शिकलेली माणसे वेचून मारली गेली, विहारांतील ताडपत्रे नष्ट झाली, आणि एका विद्येची गुरुशिष्यपरंपरा चार वर्षांत खंडित झाली, एवढे ध्यानात असू द्यावे. १९९० पासून फ्रेंच अतिपूर्व अध्ययनसंस्थेच्या पुढाकाराने उरलेल्या हस्तलिखितांची शिरगणती सुरू झाली. २००० साली ‘उदय’ हे ख्मेर-विद्येचे नियतकालिक निघाले, आणि त्याच्या संस्थापकांत आंग चुलेआन हे कंबोडियन मानववंशशास्त्रज्ञ होते. त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

गेल्या पंधरा वर्षांतील संशोधनाने या दगडी दफ्तराला भूमीची जोड दिली आहे. हेलिकॉप्टरमधून लेसर किरण सोडून झाडीखालची जमीन मोजण्याच्या लायडार पद्धतीने २०१२ साली सुमारे ३७० आणि २०१५ साली सुमारे १९०० चौरस किलोमीटर क्षेत्राची पाहणी झाली. तिचे अध्वर्यू डेमियन इव्हान्स २०२३ साली अकाली निवर्तले. दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर चक्रवर्तिपद धारण केले, असे स्दोक काक थोम येथील अकराव्या शतकातला लेख सांगतो. तो महेंद्रपर्वत म्हणजे आजचा कुलेन डोंगर होय, आणि तेथे आखीव रस्त्यांचे, बांधांचे, चौकटीत बसविलेले एक विस्तीर्ण नगर झाडीखाली निजलेले आहे, हे या पाहणीने नकाशावर स्पष्ट झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकातील बृहद् अंकोरची वस्ती सात ते नऊ लाखांच्या दरम्यान धरली आहे. संस्कृतातही क्वचित हिशेब येतो. ता प्रोम मंदिराचा शके ११०८ चा लेख ३१४० गावे आणि ७९,३६५ माणसे त्या देवस्थानाच्या सेवेस लावल्याचे सांगतो. हे आकडे पूर्वी अतिशयोक्त वाटत. आता शेतांचे बांध आणि घरांचे उंचवटे मोजता येऊ लागल्यामुळे त्यांची परीक्षा घेणे शक्य झाले आहे. ज्या ता प्रोमच्या भिंतींना वृक्षांच्या मुळांनी विळखा घातला आहे, तेथील जतनाचे काम आपल्याच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंगावर घेतले.

ही विद्या एका देशाच्या सरहद्दीत मावत नाही. वर सांगितलेले स्दोक काक थोम आज थायलंडमध्ये आहे. पाचव्या शतकातील देवानीक राजाने जेथे नवे कुरुक्षेत्र तीर्थ निर्माण केले, ते वाट फूचे क्षेत्र लाओसमध्ये आहे. आणि चाम भाषेतील प्राचीन लेखांसाठी व्हिएतनामच्या किनाऱ्यावर जावे लागते. २०१९ साली युरोपीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने सुरू झालेल्या ‘धर्म’ या प्रकल्पात दक्षिण व आग्नेय आशियातील शिलालेख एकाच पद्धतीने संगणकात उतरविण्याचे काम झाले. त्यामुळे कन्नड, तमिळ, जुनी जावानी, चाम आणि ख्मेर यांतील दानलेखांची परिभाषा ताडून पाहणे आता कोणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे.

या विद्येकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणाने मार्ग असा धरावा. संस्कृत असेल तर उत्तम. नसेल तर पुण्यामुंबईच्या विद्यापीठांत आणि डेक्कन कॉलेजात ते आणि पुराभिलेखविद्या शिकण्याची सोय आहे. त्यानंतर फ्रेंच शिकणे अपरिहार्य आहे, कारण सेदेसचे खंड त्या भाषेत आहेत. आणि मग, हे मी आग्रहाने सांगतो, ख्मेर भाषा, आजची, बोलती. ती पॅरिसच्या पौर्वात्य भाषासंस्थेत रीतसर शिकविली जाते. अमेरिकेत मॅडिसन येथे उन्हाळ्यात आग्नेय आशियाई भाषांचे वर्ग भरतात. आणि सिएम रीप येथे वाट दामनाक या विहाराच्या आवारात १९९९ साली स्थापन झालेले ख्मेर अध्ययन केंद्र आपल्या ग्रंथालयासह अभ्यासकांना आसरा देते. तेथील अधिछात्रवृत्त्यांना नागरिकत्वाच्या अटी असतात, त्या आधी नीट पाहाव्यात. फ्रेंच अतिपूर्व संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी साहाय्य देते. तिचे पाँडिचेरी केंद्र तर संस्कृत आणि तमिळ यांच्या अभ्यासाचे घरच आहे. राजगीरच्या नालंदा विद्यापीठाकडेही दृष्टी असावी.

ख्मेर शिकताना मराठी विद्यार्थ्याला दोन प्रकारची ओळख पटत जाईल. एक उघड आहे: तेथे विद्यापीठाला ‘सकलविद्यालय’ आणि विद्याशाखेला ‘महाविद्यालय’ म्हणतात, गुरूला ‘क्रू’, आणि ‘अंकोर’ हा शब्द म्हणजे आपला ‘नगर’ होय. दुसरी ओळख अधिक खोल आहे, आणि तिच्यात संस्कृतचा काडीइतकाही वाटा नाही. मेळघाटातला कोरकू माणूस दोन, तीन, चार या संख्यांना बारी, आफई, उफुन म्हणतो. ख्मेर माणूस पी, बेइ, बुओन म्हणतो. कोरकू आणि ख्मेर या दोन्ही भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या, दूरच्या पण सख्ख्या रक्ताच्या. कंबुजदेशाशी असलेले महाराष्ट्राचे भाषिक नाते शोधायचे तर ते राजप्रशस्तीतल्याइतकेच चिखलदऱ्याच्या आसपासच्या पाड्यांतही सापडते.

आणि त्या सोडून दिलेल्या याद्या? त्यांत सेवेकऱ्यांना ‘क्ञुम्’ म्हटले आहे. तोच शब्द आजच्या ख्मेरमध्ये ‘मी’ या अर्थी प्रत्येकाच्या तोंडी असतो. देवापुढे नाचणाऱ्या स्त्रियांना वसंतमल्लिकेसारखी सुरेख संस्कृत नावे आहेत. शेतावर राबणाऱ्यांची नावे ख्मेर आहेत, आणि त्यांतली काही कुत्रा, मांजर, दुर्गंधी, नकोसा अशा अर्थांची आहेत. जुन्या अभ्यासकांना त्यांत धन्याने दासांविषयी दाखविलेला तिरस्कार दिसला. परंतु ज्या प्रांतात आधीची मुले दगावली म्हणून आईने पुढच्याचे नाव धोंडू, दगडू, केरू असे ठेवले, की मृत्यूची दृष्ट त्याच्यावर पडू नये, त्या प्रांतातल्या वाचकाने ती यादी पुन्हा एकदा, सावकाश, नावामागून नाव अशी वाचली पाहिजे. कोणती नावे आईबापांनी ठेवलेली, कोणती कारकुनाने. पुढच्या पिढीच्या यादीत ती कशी पालटतात. एकाच कुटुंबातल्या थोरल्याचे आणि धाकट्याचे नाव काय. हे सारे त्या दगडांवर लिहिलेले आहे.