मुंबईंत बिऱ्हाड कोठें करावें?

नेमणुकीचा किंवा बदलीचा हुकूम हातीं पडला, कीं घरांत पहिला प्रश्न पगाराचा निघतो आणि दुसरा बिऱ्हाडाचा. पगाराचा आंकडा कागदावर लिहिलेला असतो; बिऱ्हाडाचें उत्तर मात्र कोठेंच लिहिलेलें नसतें. त्यांतून जावयाचें मुंबईस असलें, तर सल्ल्यांना तोटा नाहीं. नातेवाईक एक सांगतात, कचेरींतील सहकारी दुसरें सांगतात आणि दलाल तिसरेंच सांगतो. प्रत्येकाचा सल्ला त्याच्या स्वतःच्या सोयीवरून आलेला असतो. म्हणून हा प्रश्न कोणत्या क्रमानें सोडवावा, एवढें तरी नवख्या कुटुंबानें आधीं समजून घेणें अगत्याचें आहे.

एके काळीं हा प्रश्न इतका अवघड नव्हता, कारण निवडीला फारसा वावच नव्हता. कोंकणांतून किंवा घाटावरून गिरणींत कामास येणारा माणूस गांवकऱ्यांच्या खोलींत आपली वळकटी टाकी. एकाच गांवचे अनेक जण मिळून परळ-लालबागकडे खोली भाड्यानें घेत, पाळीपाळीनें झोंपत आणि खानावळींत जेवत. गिरणीचा भोंगा खोलींत ऐकूं येई. कामाला पायीं जातां येई. १८९६ सालच्या प्लेगनंतर १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दादर, माटुंगा व शीव या बाजूस आंखीव वस्त्या वसविल्या आणि तेथें कारकून, शिक्षक, वकील अशी पांढरपेशी मंडळी राहूं लागली. तीं आगगाडीनें वा ट्रामनें कोटांतल्या कचेऱ्यांत जात. पांढरपेशा मुंबईकर सकाळीं दक्षिणेस जाई आणि संध्याकाळीं उत्तरेस परते.

ती घडी आतां राहिलेली नाहीं. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागीं लोअर परळला कचेऱ्यांचे मनोरे उठले. वांद्रें-कुर्ला संकुल, अंधेरीची औद्योगिक वसाहत व तेथील सीप्झ, पवई, ठाण्याची वागळे इस्टेट, नवी मुंबईंतील ऐरोली व महापे अशीं कामाचीं केंद्रें चारी दिशांना पांगलीं. त्यामुळें ‘मुंबईंत चांगली वस्ती कोणती?’ हा प्रश्नच अपुरा झाला आहे. ज्याची कचेरी फोर्टमध्यें आहे त्याला गिरगांव सोयीचें. तेंच गिरगांव ऐरोलीस काम करणाऱ्याला जाचक होईल. वस्तीचें नांव विचारण्यापूर्वीं कामाचा पत्ता नकाशावर मांडला पाहिजे.

तो मांडल्यावर पहिला विचार रेल्वेच्या मार्गाचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी धांवली, तेव्हांपासून हें शहर रुळांच्या कडेकडेनें वाढत गेलें आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, वांद्रें, अंधेरी, बोरीवली असें करीत विरारकडे जाते. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर, कुर्ला, ठाणें, कल्याण असा जातो व पुढें कसारा आणि कर्जत या दोन बाजूंना फुटतो. हार्बर मार्ग वडाळा व कुर्ल्यावरून वाशी-पनवेल गांठतो. हे जुने मार्ग बहुतांशीं दक्षिणोत्तर आहेत. म्हणून नकाशावर जवळ दिसणारें पूर्व-पश्चिम ठिकाण गांठावयास पुष्कळदां दूरच्या दक्षिणोत्तर ठिकाणापेक्षां अधिक वेळ लागतो. २०१४ सालीं वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली, तेव्हां ही अडचण एका पट्ट्यांत तरी सुटली. २०२५ सालीं आरेपासून वांद्रें-कुर्ला संकुल व वरळीवरून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पुरी झाल्यावर आणखी एक वाट मोकळी झाली. तरीही सामान्य नियम कायम आहे: कचेरी ज्या मार्गावर, घर शक्यतों त्याच मार्गावर. रोज दोन वेळां गाडी बदलणें म्हणजे रोज दोन वेळां पुलावरच्या गर्दींतून वाट काढणें होय.

दुसरा विचार स्थानकाचा. बोरीवली चर्चगेटपासून सुमारें ३४ किलोमीटर दूर आहे, पण जलद गाडी तें अंतर पाऊण-एक तासांत तोडते. त्याहून जवळच्या, पण केवळ धीमी गाडी थांबणाऱ्या स्थानकावरून तितकाच वेळ लागूं शकतो. यासाठीं त्या स्थानकावर जलद गाडी थांबते काय, आणि तेथून कांहीं गाड्या सुटतात काय, हें पाहावें. बोरीवली, विरार, ठाणें, कल्याण अशा स्थानकांहून गाड्या सुटतात. तेथें चढणाऱ्याला बसावयास जागा मिळण्याचा संभव असतो. मधल्या स्थानकावरील प्रवाशाला पायरीवर पाय टेकवावयास मिळाला तरी पुष्कळ. हा भेद केवळ आरामाचा नाहीं. दारांत लोंबकळणाऱ्या माणसाचा हात सुटल्याच्या दुर्घटना या शहरानें वारंवार पाहिल्या आहेत.

तिसरा विचार स्थानकापासून घरापर्यंतच्या वाटेचा. उपनगरांत रुळांमुळें प्रत्येक वस्तीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आहेत, आणि एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूस जावयाचें म्हटलें तर पूल किंवा भुयारी वाट शोधतो. जाहिरातींतील ‘स्थानकापासून दहा मिनिटें’ हीं कोणत्या वेळचीं आणि कोणत्या बाजूचीं, हें स्वतः चालून पाहावें. माहीम-शीवच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहींत. तेथें बस, टॅक्सी किंवा पायपीट. उत्तरेस रिक्षा आहेत, पण संध्याकाळीं त्यांच्यासाठीं रांगही आहे.

येथवर आल्यावर भाड्याचा हिशेब करावा. आणि तो केवळ रुपयांचा करूं नये. समजा, दूरचें घर जवळच्या घरापेक्षां महिना दहा हजारांनीं स्वस्त आहे. दूरच्या घराहून कचेरी गांठावयास एका बाजूस दीड तास लागतो, जवळच्याहून पाऊण तास. रोजचा फरक दीड तासाचा. महिन्याचे २४ दिवस धरले, तर ३६ तास होतात. म्हणजे दर तासाला सुमारें २७८ रुपये घेऊन त्या गृहस्थानें आपला वेळ विकला. पति-पत्नी दोघेंही तोच प्रवास करीत असलीं, तर तास ७२ होतात, म्हणजे महिन्यांतले पुरे तीन दिवस. आणि तासाची किंमत १३९ रुपयांवर येते. हा सौदा कोणाला परवडेल, कोणाला परवडणार नाहीं. पण तो सौदा आहे, हें घर घेतेवेळीं ठाऊक असावें. पुष्कळ घरांत तें मुलाच्या तोंडून कळतें. बाबा घरीं येतात तेव्हां तें झोंपलेलें असतें.

सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट यापुढची आहे. घराची निवड बहुधा मिळवत्या माणसाच्या सोयीनें होते. जो घरांत दिवसाचे बारा-बारा तास राहतो, त्याचें मत शेवटीं विचारलें जातें. आजीला लिफ्टशिवाय तिसरा मजला चढतां येईल काय? डॉक्टर व औषधांचें दुकान चालत जाण्याजोगें आहे काय? मुलीचें कॉलेज दुसऱ्या मार्गावर असेल, तर रात्रीं परततांना तिला कोणत्या रस्त्यानें यावें लागेल? पत्नीची नोकरी वेगळ्या टोंकाला असेल, तर दादर, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी किंवा ठाणें अशा मार्ग मिळणाऱ्या स्थानकाजवळचें लहान घर हें एकाच्याच सोयीच्या मोठ्या घरापेक्षां शहाणपणाचें ठरतें. एकाचा अर्धा तास वांचविण्यासाठीं दुसऱ्याचे दोन तास खर्ची घालणें, ही काटकसर नव्हे.

मग पाणी. नगरपालिकेचें पाणी वेगवेगळ्या भागांत ठरलेल्या वेळीं येतें. तें केव्हां येतें, पुरतें काय, आणि उन्हाळ्यांत टँकर मागवावा लागतो काय, हें मालकापेक्षां शेजाऱ्याला विचारावें. पावसाच्या पाण्याचीही चौकशी हवी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या कांठच्या वस्त्या बुडाल्या. तसा दिवस क्वचित् येतो. पण हिंदमाता, शीव, कुर्ला यांच्या सखल भागांत जोराच्या सरीनेंही पाणी सांचल्याचे प्रसंग अनेक वर्षें घडत आले आहेत. तळमजल्यावरच्या दुकानदाराला ‘पाणी कोठवर येतें?’ असें विचारलें, तर तो भिंतीवर बोट ठेवून दाखवितो. त्याची साक्ष दलालाच्या शब्दापेक्षां मोलाची.

घर पसंत पडलें, तरी पहिल्याच वर्षीं विकत घेण्याची घाई करूं नये. येथें ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार बहुधा अकरा महिन्यांचा करतात, शहराची पारख होण्यास तेवढी मुदत पुरेशी असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें हा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तो नोंदलेला नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. अनामत रक्कम परत केव्हां मिळणार, दुरुस्ती कोणी करावयाची, सोसायटीचे नियम कोणते, हें सारें सामान हलविण्यापूर्वींच कागदावर यावें. एकट्या माणसाला जागा देण्यास कांहीं ठिकाणीं का-कू करतात. तो अपमान दारांत गेल्यावर सोसण्यापेक्षां आधींच स्पष्ट विचारलेलें बरें.

शेवटीं एक परीक्षा सांगण्याजोगी आहे, आणि तिला खर्च केवळ एका दिवसाचा येतो. अनामत रक्कम देण्यापूर्वीं कामाच्या दिवशीं सकाळीं साडेआठला त्या घराच्या दारापासून निघावें आणि कचेरीच्या दारापर्यंत जावें. संध्याकाळीं गर्दीच्या वेळीं परतावें, आणि रात्रीं दहाला त्या गल्लींतून एक फेरी मारावी. दिवे आहेत काय, दुकानें उघडीं आहेत काय, बायका-मुलें निर्धास्त फिरतात काय, हें दिसेल. मग घरीं सर्वांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा: या पत्त्यावर राहिल्यास आठवड्यांतल्या किती रात्रीं सारें घर एका पंक्तीला जेवूं शकेल? ज्या वस्तींत हा आंकडा मोठा, ती वस्ती नांवानें साधी असली तरी आपली समजावी.