धोट्याचा खडखडाट आणि कानातले गाणे

पंचगंगेच्या काठी वसलेल्या इचलकरंजीची ख्याती दोन नादांवर उभी आहे. पहिला नाद गाण्याचा. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) हे या संस्थानचे गवई, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचे शिष्य. दुसरा नाद मागाचा. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे गल्लोगल्ली धोट्याचा खडखडाट सुरू झाला. या दोन नादांची गाठ अलीकडे एका चमत्कारिक ठिकाणी पडली आहे. ते ठिकाण म्हणजे माग चालविणाऱ्या तरुण कामगाराचा कान.

पाळी आठ तासांची असो वा बारा तासांची, चार-सहा मागांमध्ये येरझारा घालणे, तुटलेला धागा सांधणे, संपलेली कांडी बदलणे, हेच काम पुनःपुन्हा करावयाचे असते. मनास विरंगुळा म्हणून तो खिशातील मोबाईलची तार कानात घालतो आणि गाणे लावतो. यात त्याचा दोष काढण्याजोगे काही नाही. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकाही श्रमावर गाण्याचाच उतारा शोधीत. परंतु जात्याच्या घरघरीवर ओवी चढत असे ती गळ्याच्या बळावर, आणि गळ्याच्या बळास निसर्गानेच मर्यादा घातली आहे. कानात बसविलेल्या यंत्रास ती मर्यादा नाही.

धोट्याच्या मागात लाकडी दांडा धोट्यास एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकतो, आणि हा तडाखा मिनिटास शंभराहून अधिक वेळा बसतो. एका छपराखाली असे अनेक माग चालले, भिंती उघड्या विटांच्या आणि वर पत्रा असला, म्हणजे आवाजास निघून जावयास जागाच उरत नाही. अशा ठिकाणची पातळी सामान्यतः ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असते.

डेसिबल हे माप गज किंवा शेर यांसारखे सरळ नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, आणि दहा वाढले की दसपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ केवळ दुप्पट मोठी वाटते. म्हणजे आवाजाचा घातकपणा ज्या वेगाने वाढतो, त्या वेगाने तो जाणवत नाही. ‘मला काही त्रास होत नाही’ ही साक्ष त्यामुळेच विश्वासार्ह मानता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाकरिता जे प्रमाण सांगितले आहे ते असे : ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास. हा कानाचा आठवड्याचा शिधा समजावा. आवाज तीन डेसिबलने वाढला की शिधा निम्म्या वेळात संपतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास आणि ९५ ला अवघा सव्वा तास. ज्या छपराखाली ९५ डेसिबल आहे, तेथे दररोज आठ तास याप्रमाणे सहा दिवस काढणारा कामगार आठवड्यास ४८ तास तो आवाज ऐकतो. म्हणजे सव्वा तासाच्या शिध्याच्या अडतीसपट. बारा तासांच्या पाळीचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा.

हा झाला नुसता माग. आता त्यावर गाणे चढवावयाचे. कानाच्या तोंडाशी सैल बसणारी साधी बोंडे बाहेरचा आवाज जवळजवळ अडवीत नाहीत. मग गाण्याचे शब्द ऐकू यावेत म्हणून ते निदान मागाइतके तरी मोठे करावे लागते. ९५ डेसिबलमध्ये ९५ मिळविले तर १९० होत नाहीत, ९८ होतात. परंतु याचा अर्थ शक्ती दुप्पट झाली, आणि सव्वा तासाचा शिधा साडेसदतीस मिनिटांवर आला. पाळीचा पहिला चहा होण्यापूर्वीच आठवडा संपला! मागाचा आवाज कामगाराच्या हाती नसतो. त्यावर चढविलेला दुसरा तेवढाच आवाज मात्र तो स्वतःच्या बोटाने चढवितो.

एवढ्याने कानात बिघडते काय? कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत आणि त्यांच्या मागे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसाळ पेशी रांगेने उभ्या असतात. ध्वनीची लाट आली की त्यांचे केस लवतात आणि त्यातून मज्जातंतूस संदेश जातो. वाऱ्याने गवत वाकते व पुन्हा उभे राहते, तसेच हे. परंतु त्याच गवतावरून रोज गाडी गेली तर? पक्ष्यांच्या कानात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत. जन्मतः मिळालेली पुंजी तेवढीच, आणि तिच्यात भर घालणारे औषध आज कोणत्याही वैद्यापाशी नाही.

नाश होतो तोही क्रमाने. आरंभी ४००० कंपनसंख्येच्या आसपासचे उंच स्वर जातात. माणसाच्या बोलण्यातील स्वरवर्ण खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसास आवाज ऐकू येतो, पण शब्द उमजत नाही. दिवाणजीने ‘साठ’ म्हटले तर त्यास ‘आठ’ वाटते. घरात तो बायकोस पुटपुटू नको म्हणतो, आणि ती बिचारी नेहमीसारखीच बोलत असते. मुले एकदा सांगतात, दोनदा सांगतात, आणि मग सांगणेच सोडून देतात. बहिरेपणाचे खरे दुःख कानापेक्षा या सोडून देण्यात अधिक आहे. कित्येकांच्या कानात जोडीला अखंड शिट्टी वाजू लागते, व ती रात्रीच्या शांततेत विशेष छळते.

हे ज्ञान नवे नव्हे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहून ठेवले आहे की, सतत ठोकण्याने त्यांचे कान जातात. लँकेशायरच्या गिरण्यांतील विणकरणी एकमेकींचे ओठ वाचून बोलत. स्कॉटलंडातील डंडी शहरच्या ताग विणणाऱ्या स्त्रियांचे कान तपासून १९६५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने मागावरील वर्षे आणि बहिरेपणा यांचा संबंध स्पष्ट दाखविला. भारतातही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळविण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाचे नाव होते. त्या कायद्याखालील नियमांनी आठ तासांकरिता ९० डेसिबलची मर्यादा धरली होती. वरील शिध्याच्या हिशेबाने ९० डेसिबल आठवड्यास चारच तास सोसतात. कायद्याची मर्यादा आणि कानाची मर्यादा एक नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

उपाय अर्थात आहेत, आणि ते महागही नाहीत. मागापाशी कानात घालावयाची वस्तू गाणे नसून बूच होय. मऊ स्पंजाची बुचे थोड्या रुपयांत मिळतात. स्वच्छ हातांनी बूच दोन बोटांत वळून बारीक करावे, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाची पाळी वर व मागे ओढावी, बूच आत सरकवावे आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावे. नीट बसले तर पंधरा-वीस डेसिबल सहज अडतात, म्हणजे ९५ चे ८० होतात. अर्धवट खोचलेले बूच केवळ शोभेचे. कापसाचा बोळा पुष्कळजण घालतात. त्याने फारसे काही अडत नाही.

बूच घातल्यास मागाचा बिघाड ऐकू येणार नाही, अशी धास्ती जुन्या कामगारांस वाटते. ती समजण्याजोगी आहे, कारण मुरलेला विणकर मागाच्या आवाजावरूनच त्याची प्रकृती ओळखतो. पण बूच मागाचा आवाज व माणसाची हाक दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आणते, त्यांतील फरक पुसून टाकीत नाही. ज्याचे कान शाबूत आहेत त्यास मोठ्या गोंगाटात बूच घालूनही बोलणे पूर्वीइतकेच समजते. उलट गाणे हे त्या आवाजावर दुसरा आवाज घालते. धोटा पेटीतून निसटून उडाला, जॉबरने ओरडून सावध केले, तर गाण्यात गुंतलेल्या कानास ते उशिरा कळते. बाहेरचा नाद यंत्राने पुसणारी हेडफोने निघाली आहेत. ती बसच्या किंवा विमानाच्या संथ घुमण्यावर उत्तम चालतात, परंतु धोट्याच्या तुटक तडाख्यावर त्यांचा प्रभाव कमी पडतो.

मग गाणे ऐकूच नये काय? अवश्य ऐकावे, पण शांत जागी. घरच्या खोलीत, पंखा बंद करून, गाणे आवडीने ऐकता येईल इतपतच आवाज ठेवावा आणि ती पातळी ध्यानात धरावी. बहुधा ती मोबाईलच्या कमाल आवाजाच्या शेकडा साठच्या आतच येते. रस्त्यावर किंवा बसमध्ये त्या पातळीला गाणे ऐकू आले नाही, तर आवाज न वाढविता गाणे बंद करावे. कानात घट्ट बसणारी, रबरी टोकाची बोंडे सैल बोंडांपेक्षा बरी, कारण ती बाहेरचा गलका अडवितात आणि कमी आवाजावर भागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली अशा यंत्रांकरिता सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. पुष्कळ मोबाईलांत आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोयही असते. ती शोधून वापरावी.

पाळी सुटल्यानंतरची वेळ विशेष सांभाळावी. दिवसभराच्या खडखडाटाने कान तात्पुरते मंद झालेले असतात, आणि घरी जाताना लावलेले गाणे नकळत मोठे ठेवले जाते. याची परीक्षा सोपी आहे. रात्री ज्या आवाजावर गाणे बंद केले, त्याच आवाजावर ते सकाळी उठून लावावे. ते कर्कश वाटले, तर रात्री कान थकलेले होते असे निश्चित समजावे. ही मंदता झोपेनंतर ओसरते तोवर ठीक. रोज रोज तेच घडत गेले म्हणजे एके दिवशी ती ओसरत नाही.

कान किती शाबूत आहेत हे कर्णतज्ज्ञाकडील श्रवणचाचणीत कळते. बंद खोलीत निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकवून त्याचा आलेख काढतात. त्यास फारसा वेळ लागत नाही व वेदना तर मुळीच नाही. मागावर नव्याने लागणाऱ्या मुलाने पहिल्या महिन्यातच हा आलेख काढून घ्यावा आणि पगाराच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. पुढे दरवर्षी नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहावा. ४००० च्या जागी रेषेस खळगा पडू लागलेला दिसला, तर बोलणे अद्याप स्वच्छ ऐकू येत असतानाच तो दिसतो, आणि उरलेल्या पेशी वाचविण्यास तेव्हा पुष्कळ अवधी असतो.