चकती कुठे दिसेनाशी होते?

विसर्जन आटोपले की कुंडात किती मूर्ती गेल्या, दान किती मिळाल्या, निर्माल्य किती टन निघाले, याचे आकडे छापून येतात. मूर्तींच्या सहा फुटांच्या मर्यादेवरून उच्च न्यायालयात काय झाले, तेही वाचकांना पाठ आहे. कोल्हापुरात तर विसर्जनासाठी चौकाचौकांत काहिली मांडल्या जातात, रंकाळा तलावाचा भार शेजारच्या इराणी खणीने उचलला आहे. कौतुक करावे असेच हे काम. पण रंकाळा हिरवा पडतो तो मुख्यतः श्याम सोसायटी नाला आणि परताळ्याकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे. त्याला अनंत चतुर्दशी लागत नाही.

मूर्ती मोजायला माणसे मिळतात. पाणी मोजायला का मिळू नयेत?

त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. 1865 मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तलावांसाठी आज वापरतात ती चकती 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची. खुणा केलेल्या दोरीने ती नावेतून खाली सोडायची, दिसेनाशी झाली की खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसली की परत टिपायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. वेळ भर दुपारची, नावेची बाजू सावलीची, डोळ्यांवर गॉगल नको. बस्स.

या साध्या चकतीची ताकद पाहायची तर अमेरिकेतील सिएटलच्या लेक वॉशिंग्टनकडे जावे लागते. काठावरच्या उपनगरांचे सांडपाणी, प्रक्रिया करून का होईना, तळ्यातच जात होते. 1955 मध्ये तिथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नील-हरित शेवाळ सापडले. झुरिकच्या तळ्याचा बिघाड याच शेवाळाने सुरू झाला होता, हे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना ठाऊक होते. सांडपाण्यातला फॉस्फरस थांबला नाही तर तळे नासेल आणि थांबला तर सुधारेल, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. शास्त्रज्ञ सहसा इतके उघडे पडत नाहीत! सांडपाणी वळवणारी यंत्रणा उभारायची की नाही यावर 1958 च्या मार्चमध्ये मतदान झाले आणि प्रस्ताव पडला. समर्थक पुन्हा दारोदार फिरले. सप्टेंबरमध्ये तो मंजूर झाला. 1963 ते 1968 या काळात सगळे सांडपाणी तळ्याबाहेर वळवले गेले. 1960 च्या दशकाच्या मध्यावर जेमतेम मीटरभर दिसणारी चकती 1976 नंतर सहा मीटरच्याही खाली दिसू लागली. शेवटच्या उडीचे बरेच श्रेय शेवाळ खाणाऱ्या डॅफ्निया या सूक्ष्म जिवांचे. पण नळ बंद केला होता माणसांनी, तोही मते देऊन.

मिनेसोटा राज्यात 1973 पासून सामान्य नागरिक अशाच चकत्या तळ्यांत सोडून नोंदी पाठवतात.

चकतीला सगळे कळत नाही, हेही खरे. पावसाळ्यात गाळामुळे ती लवकर दिसेनाशी होते, तो दोष शेवाळाचा नव्हे. जंतू, जड धातू तिला दिसत नाहीत. मासे तरंगतात ते बहुधा पहाटे, कारण रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. त्यासाठी सूर्योदयापूर्वी विरघळलेला प्राणवायू तपासावा लागतो. त्याची साधी संचपेटी शाळेतल्या मुलांनाही वापरता येते.

स्वच्छता मोहिमा नकोत असे नाही. पण जलपर्णी काढताना फोटो निघतो, आकडा निघत नाही. आणि आकड्याशिवाय नाल्याचा जाब विचारता येत नाही. एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदी पालिकेला सहज झटकता येत नाहीत. रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्या एखाद्या गटाने महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घेऊन दिवाळीनंतर ही वही सुरू करावी. महापालिकेने दर महिन्याचा आकडा तलावाच्या काठावर फलकावर लावावा, आणि पुढच्या वर्षी मूर्तींच्या संख्येशेजारी तोही जाहीर करावा.