ताईकडची निळी कोळीण

मैत्रिणींनो, भिंतीवर मोठा कोळी दिसला की तुम्ही काय करता? मी इतकी वर्षं एकच करत आले. आधी किंचाळायचं, मग यांना हाक मारायची, आणि हे येईपर्यंत केरसुणी हातात धरून पलंगावर उभं राहायचं! अशा बाईवर परक्या देशात कोळ्याची अंडी उबवायची पाळी आली, असं सांगितलं तर हसाल. पण आली खरी. बारा दिवस मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने मिळून ते बाळंतपण काढलं.

ताई इंग्लंडात लेस्टरला असते. यंदा शाळेला सुट्टी लागली (मी आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवायला जाते) आणि सासूबाईंनीच "जा गं, बहिणीला भेटून ये" म्हटलं, म्हणून महिनाभरासाठी गेले. भाचा एकोणीस वर्षांचा. पोचल्या दिवशीच "मावशी, चल, तुला एक गंमत दाखवतो" म्हणून खोलीत घेऊन गेला. टेबलावर काचेची उभी पेटी. आत बुचाच्या झाडाच्या सालीची नळी, तळाशी ओलसर माती, कोपऱ्यात पाण्याची इवलीशी वाटी. आणि नळीच्या तोंडाशी ती. पाय पसरले तर माझ्या पंजाएवढी, अंगभर बारीक केस, आणि रंग निळा! पैठणीच्या काठावर असतो ना, तसा निळा, पायांवर पिवळे डाग. माझ्या अंगावर काटा आला, आणि तरी डोळे हलेनात.

ही टॅरंटुला जातीची कोळीण. मी आपली विचारलं, "कुठली रे? ब्राझीलची?" तर म्हणतो, "नाही मावशी, गुत्तीची."

आता आम्ही सोलापूरकर तिरुपतीला निघालो की वाटेत गुत्ती लागतंच! मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. पण खरं आहे ते. पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1899 साली या कोळ्याचं पहिलं वर्णन लिहिलं, ते गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. पुढे शंभर वर्षं तो पुन्हा कुणाला दिसला नाही. 2001 साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात सापडला, म्हणजे गुत्तीपासून शंभरेक किलोमीटरवर. गुत्तीला तो बहुधा लाकडाच्या ओंडक्यांबरोबर गाडीने आला असावा. जगात त्याचं घर म्हणजे तेवढंच एक जंगल, आणि तेही तोडीमुळे विरळ होत चाललेलं. पण युरोपात मात्र लोकांच्या घरी, आपल्याकडे माशांच्या पेट्या असतात तशा, याच्या पेट्या आहेत. ती बहुतेक तिथेच पेटीत जन्मलेली प्रजा. भाच्याची कोळीणही तशीच.

तिचं लग्न कसं लागतं तेही ऐका. नर दोन-अडीच वर्षांत वयात येतो आणि मग फार दिवस जगत नाही. मादी मात्र दहा-बारा वर्षं जगते. त्यामुळे नर मागून आणायचा असतो! ज्याचा नर त्याला निम्मी पिल्लं द्यायची, हा पाळणाऱ्यांतला रिवाज. मादीने नुकतीच कात टाकलेली हवी, कारण नराचं बीज ती पोटातल्या एका पिशवीत महिनोन्‌महिने जपून ठेवते, आणि मध्ये कात टाकली तर त्या पिशवीचं अस्तरही कातीबरोबर निघून जातं. मग सगळी मेहनत वाया. आधी तिला रातकिडे पोटभर खाऊ घालायचे, म्हणजे नवरोजींवर नजर जात नाही. नर पेटीत गेला की पाय थरथरवून टकटक करतो, ती आतून उत्तर देते, आणि मगच तो पुढे सरकतो. बघा, तिच्या परवानगीशिवाय काही नाही!

काही महिन्यांनी ती नळीचं तोंड जाळ्याने बंद करून घेते, आत रेशमाची गादी विणते, त्यावर शंभर-दीडशे अंडी घालते आणि कडा गोळा करून त्याची पुरचुंडी बांधते. मोठ्या लिंबाएवढी, मळकट पांढरी. ती पुरचुंडी पायांत धरून बसते, मधूनमधून फिरवते, अन्नाला शिवत नाही. पण एक आहे. तिला धोका वाटला, पेटी हलली, धक्के बसले, तर ती स्वतःच ती अंडी खाऊन टाकते.

आणि तेच झालं होतं गेल्या वर्षी. भाचा बाहेर गेलेला, पाहुणे यायचे होते, म्हणून ताईने त्याची खोली आवरायला घेतली. पेटी उचलून खाली ठेवली, टेबलामागे व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, पेटी परत जागेवर. तुम्ही-मी दुसरं काय केलं असतं? तिसऱ्या दिवशी पुरचुंडी नव्हती. पोरगा भांडला असता तर बरं, तो बोललाच नाही. खोलीला कुलूप लावून जायला लागला. ताई मला म्हणाली, "अगं, एकुलता एक मुलगा, आणि घरात असून मला त्याचं दार वाजवायची भीती वाटते."

यंदा एप्रिलच्या मध्याला दुसरी पुरचुंडी झाली होती. मी गेले तेव्हा तिला तीन आठवडे होत आलेले, आणि भाच्याला परीक्षेसाठी बारा दिवस कॉलेजच्या गावी जायचं होतं. आपल्या मागे ती पुन्हा अंडी खाईल या धास्तीने त्याने बाविसाव्या दिवशी पुरचुंडी काढून घ्यायचं ठरवलं. एरवी महिनाभर आईपाशी ठेवतात. लांब चिमट्याने त्याने हळूच सालीची कड उघडली, कोळिणीवर प्लॅस्टिकचा डबा पालथा घातला आणि दुसऱ्या चिमट्याने पुरचुंडी उचलली. हे काम गमतीचं नाही हं. या जातीची कोळीण विजेसारखी पळते. चावली तर माणूस दगावल्याची नोंद नाही, पण स्नायूंना गोळे येऊन दिवसच्या दिवस हाल होतात.

मग तिचं ठेवायचं कुठे? इथे मात्र मला घरच्यासारखं वाटलं. प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला ओला टिश्यू कागद, वर ताईच्या जुन्या नायलॉनच्या स्टॉकिंगचा तुकडा ताणून बांधलेला, आणि त्या झोळीत पुरचुंडी. झाकणाला बारीक भोकं. हा डबा ठेवला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांशेजारी. उष्णता सव्वीस-सत्तावीस अंश. पाणी पुरचुंडीला लागता कामा नये, नाहीतर बुरशी. हवा कोरडी पडता कामा नये, नाहीतर अंडी सुकतात. आणि दिवसातून चार वेळा पुरचुंडी अलगद एक कूस फिरवायची, म्हणजे खालची अंडी दबून चिकटत नाहीत. आई पायांनी जे करते तेच.

सगळं सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, तू बघशील ना?" ताई शेजारीच उभी होती. तिचा चेहरा मी बघितला.

मी म्हटलं, "सकाळ-दुपार मी बघेन. संध्याकाळी आणि रात्री झोपताना तुझी आई बघेल. एकटीने मी हात लावणार नाही." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण वहीत वेळ लिहा."

आम्ही लिहिली. माझं पहिले दोन दिवस हात थरथरत. ताईचं तसं नव्हतं. ती रात्री अकराला गजर लावून उठायची, बोटं धुऊन पुसून, श्वास रोखून फिरवायची. एकदा मी मागून गेले तर ती त्या पेटीपुढे बसलेली. पुरचुंडी काढून घेतल्यापासून कोळीण नळीत वर-खाली फिरून पाय चाचपत होती. ताई काही बोलली नाही. मीही तशीच परत फिरले.

भाचा आला, हातपाय धुतले आणि चहासुद्धा न घेता डबा काढला. बारीक कात्रीने पुरचुंडी कापली. आत पिवळसर मण्यांसारखे जीव, पण प्रत्येकाला पांढरे बारीक पाय! अजून दोनदा कात टाकली की ती चालायला आणि खायला लागतात. त्याने मोजली. एकशे चार जिवंत, सतरा सुकलेली. सुकलेली लगेच काढली, बुरशी पसरू नये म्हणून. मग वही चाळली. रात्रीच्या रकान्यात एकही दिवस रिकामा नव्हता. वही मिटून म्हणाला, "आई, पिल्लांसाठी शंभर छोट्या बाटल्या लागतील. त्यात चिलटं सोडायची. करशील का माझ्याबरोबर?" ताई "बघू" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. परवा फोनवर तीच मला सांगत होती की पिल्लं अजून मातकट आहेत, निळा रंग मागाहून चढतो. कुलूप? ते मी विचारलं नाही.

वाचून कुणाच्या मुलाने हट्ट धरला तर आधीच सांगते, आपल्याकडे हे करू नका. ही जात 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांच्या यादीत आहे, आणि 2022 साली आपल्या वन्यजीव कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे असे प्राणी सरकारी नोंदणीशिवाय घरी बाळगता येत नाहीत. 2021 साली चेन्नईला पोलंडहून आलेल्या एका टपालाच्या पाकिटात एकशे सात जिवंत कोळी निघाले, कापसात गुंडाळून बाटल्यांत भरलेले! भाच्याला मी विचारलंच, "यातली थोडी त्या जंगलात सोडता येतील का रे?" तर नाही म्हणाला. पेटीतली प्रजा कुठल्या रोगराईसकट जाईल सांगता येत नाही, आणि झाडंच राहिली नाहीत तर सोडून उपयोग काय? मला ते पटलं, आणि खरं सांगते, त्या देखण्या पेटीविषयीचं माझं कौतुक थोडं कमी झालं.

घरी आले. आठ दिवसांनी मोरीच्या वरच्या कोपऱ्यात आपला नेहमीचा चपटा, लांब पायांचा घरकोळी दिसला. तुमच्याही घरी असेल, जाळं विणत नाही, रात्री झुरळं मारतो. तिच्या पोटाखाली चवलीएवढी पांढरी चकती होती. पूर्वी मला वाटायचं ते पोटच. सासूबाई केरसुणी घेऊन आल्या. मी म्हटलं, "आई, पंधरा-वीस दिवस तो कोपरा राहू द्या."

"घरात कोळिष्टकं ठेवायला लंडनला शिकून आलीस का?" म्हणाल्या. पण केरसुणी खाली ठेवली. आता रोज सकाळी आंघोळीला जाताना त्याच आधी वर बघतात आणि बाहेर येऊन सांगतात, "आहे गं अजून."