चष्म्याआधी अक्षराकडे पाहा

भारतातून राहायला आलेले आई-वडील संगणकावर मराठी वर्तमानपत्र उघडतात आणि दहा मिनिटांत डोळे चोळू लागतात. लगेच 'नंबर वाढला' असे ठरते. इथे पाहुण्यांना डोळ्यांची तपासणी आणि चष्मा, दोन्हींचे पैसे खिशातूनच भरावे लागतात. बाबा पुकेकोहेला आले तेव्हा त्यांनी आठवड्याभरात वर्तमानपत्रच सोडले होते. कांद्याच्या मळ्यांकडे पाहून माणूस किती दिवस काढणार?

देवनागरीला एकाच ओळीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार बसवावे लागतात. त्यामुळे १२ पॉइंटचे मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक वाटते आणि 'ष्ट्य'सारखे जोडाक्षर मोजक्या ठिपक्यांत कोंबले जाते. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा हे भाग वेगळे वापरून कडा मऊ करते. पण हे भाग शेजारी-शेजारी असल्याने फायदा उभ्या रेघांना होतो, आडव्या शिरोरेषेला फारसा नाही. माझ्या मते आपल्या लिपीला खरा गुण येतो तो आकार वाढवण्याने.

त्यासाठी रिझोल्यूशन मात्र कमी करू नका, सगळेच धूसर होते. ते 'रेकमेंडेड'वरच ठेवून डिस्प्लेमधले 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. मग स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधा. तिथे अक्षरांचे नमुने दाखवून निवड विचारतात. ती आई-बाबांनीच, चष्मा लावून करावी. आपण शहाणपणा करू नये.

फॉन्टही बदलून पाहा. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' विंडोज २००० पासून आपल्या सोबतीला आहे, पण आजच्या पडद्यांवर मला विंडोज ८ बरोबर आलेला 'निर्मला' किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' अधिक सुटसुटीत वाटतो. 'मुक्त' फुकट मिळतो. ब्राउझरमध्ये किमान अक्षर-आकारही ठरवता येतो. एवढ्यावर बाबा पुन्हा अग्रलेखापर्यंत पोचले, आणि आता जेवताना तो आम्हालाही ऐकावा लागतो!

नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर नुसत्या इंचांना भुलू नका. १९२० × १०८० ठिपके २४ ऐवजी २७ इंचांवर पसरले की ठिपका मोठा होतो आणि अक्षर उलट खरबरीत दिसते.

मात्र सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, किंवा एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागले, तर सेटिंग्जशी खेळत बसू नका. त्याच दिवशी डोळे दाखवा.